वत्सलाबाईंचा खांब आणि सोडलेला राग

वत्सलाबाई दाबके यांच्या हॉलमधला नाचाचा खांब रागावलेल्या माणसाखेरीज कोणालाही धरू देत नसे. यात लपवाछपवी काही नव्हती. खांबाबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत पान नऊवर स्वच्छ छापलेलं होतं: 'पकड वापरणाऱ्याच्या रागावर अवलंबून आहे. शांत व्यक्ती घसरण्याची शक्यता.'

खांब खरं तर लेकीचा. केतकीने नाच शिकायचा म्हणून तो आणला, फरशीपासून छतापर्यंत पेच आवळून बसवून घेतला आणि पुढच्याच महिन्यात नोकरी लागून ती बंगळूरला गेली. तिला मुळात राग कमी. कमरेएवढ्या उंचीच्या वर ती कधी चढली नाही.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला चाळीस बायका येऊन गेल्या त्या संध्याकाळी वत्सलाबाई फडक्याने खांब पुसत होत्या. आंबेडाळीसाठी डाळ वाटून वाटून खांदे भरून आले होते. सोफ्यावरून त्यांचे यजमान मधुकरराव म्हणाले, "आंबेडाळीत मीठ जरा पुढे होतं हं." वत्सलाबाईंनी फडकं खाली ठेवलं, खांब धरला, आणि छताला जाऊन टेकल्या.

तेव्हापासून तो त्यांचा रोजचा नेम झाला. सकाळी अकरा वाजता, पूजा आणि पोळ्या आटोपल्या की नऊवारीचा काष्टा घट्ट मारायचा आणि वर जायचं. काष्ट्याने पोटऱ्या मोकळ्या राहतात, त्याचा उपयोग होई. रागाची कमतरता नव्हती. चोपन्नाव्या वर्षी, लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर, त्या घरात त्यांना स्वतःची म्हणावी अशी जागा सापडली होती, आणि ती फरशीपासून नऊ फुटांवर होती. तिथून सोफ्यावरचं टक्कलही लांबचं वाटे.

मग आषाढी एकादशी आली. चातुर्मासात काहीतरी सोडायचं हा त्यांचा माहेरापासूनचा नियम. कांदा-लसूण सोडून झाला होता, वांगं झालं होतं, दोन वर्षं चहा झाला होता, एकदा तर भातही झाला होता. यंदा काय सोडावं हे सुचेना.

"राग सोड," मधुकरराव पेपरातून म्हणाले. "फुकटचा आहे, आणि घरालाही आराम."

वत्सलाबाईंना ते पटलं. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि कार्तिकी द्वादशीपर्यंत राग वर्ज्य असा संकल्प सोडला. पाणी ताम्हनात पडलं, आणि मग त्यांना पान नऊ आठवलं. पण सोडलेलं पाणी परत ओंजळीत येत नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्या दोन हात वर चढल्या आणि सरळ फरशीवर येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी खांब स्पिरिटने पुसला. तळहातांना तुरटी लावली, रांगोळी लावली, तांदळाची पिठी लावली. पिठी लावल्यावर त्या पहिल्यापेक्षा जोरात खाली आल्या. शेवटी त्यांनी कंपनीला फोन केला.

"ताई, आपण सध्या कोणावर रागावलेल्या आहात का?" तिकडच्या मुलीने विचारलं.

"नाही. मी राग सोडलाय."

"कायमचा?"

"चातुर्मासापुरता."

"मग खांबात बिघाड नाही. एखादी जुनी गोष्ट आठवून बघता का?"

"आठवतात हो सगळ्या. पण सोडलेला पदार्थ समोर आला तरी तोंडात घालायचा नसतो."

"आमच्या आईने दोडका सोडलाय," मुलगी म्हणाली, आणि तक्रार बंद झाल्याचा नंबर तिने लिहून घ्यायला सांगितला.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. शेजारी भांडण लागलं की वत्सलाबाईंना भरल्या वांग्याचा वास आल्यासारखं होई. मग त्या खिडकी लावून घेत. मधुकरराव खुशीत होते. भाजीला, इस्त्रीला, केतकीच्या फोनला, सगळ्यालाच त्यांना आता नावं ठेवता येत होती. "बघ, किती शांत वाटतं घरात," ते म्हणत. वत्सलाबाई हो म्हणत आणि अकरा वाजता जाऊन आपटत. उद्या दोन बोटं तरी जास्त टिकू, असं त्यांना रोज वाटे.

त्यांच्या खालीच सोसायटीचे सेक्रेटरी अनंत फणसळकर राहत. आश्विनात त्यांचं पत्र आलं. रोज अकरा वाजता आपल्या छतावर काहीतरी पडतं, असं त्यात होतं. आणि पुढे नियम. 'फरशीपासून छतापर्यंत जाणारी कोणतीही वस्तू भार घेत नसल्यास ती अडथळा समजून काढण्यात येईल. भार घेते हे पाहणीच्या वेळी रहिवाशाने दाखवावे.' पाहणी कार्तिक शुद्ध दशमीला होती.

वत्सलाबाईंनी पंचांग पाहिलं. दोन दिवस कमी पडत होते. त्या नारळाच्या वड्या घेऊन खाली गेल्या.

"भाऊजी, पाहणी द्वादशीला ठेवली तर?"

"वहिनी, तुम्हाला दोन दिवस दिले की उद्या सगळे मागतील."

"सगळ्यांकडे खांब कुठे आहेत?"

"तेच म्हणतोय मी. तुमच्याकडेच का?" फणसळकरांनी वडी उचलली. "या वयात बायका हरिपाठाला बसतात. दाबके मला परवा म्हणालेच, काढून टाका म्हणून. त्यांना तिथे टीव्ही सरकवायचाय."

वत्सलाबाईंच्या आत काहीतरी उकळून वर आलं. त्यांनी त्याच्यावर झाकण ठेवलं, रिकामा डबा घेतला, आणि घरी न जाता थेट जोगळेकर गुरुजींकडे गेल्या. राग दोन दिवस आधी घेता येईल का, असं त्यांनी विचारलं.

"नाही," गुरुजी म्हणाले. "व्रत म्हणजे व्रत."

"खांब जाईल हो माझा."

गुरुजींनी सुपारी कातरायची थांबवली. "वांगं सोडलं होतंत तेव्हा दाबक्यांना वांगी करून घालत होतात की नाही?"

"घालत होते. त्यांना दुसरी भाजी चालत नाही."

"मग झालं तर. स्वतः खायचं नाही. दुसऱ्यासाठी रांधायला शास्त्राची ना नाही."

"आणि चव?"

"चव घ्यायची नाही. मीठ अंदाजाने."

दशमीला अकरा वाजता फणसळकर आले. बरोबर कमिटीच्या करमरकरबाई वही घेऊन. मधुकरराव टेप घेऊन टीव्हीची जागा मोजत होते. वत्सलाबाईंनी सगळ्यांना पोहे दिले आणि अगदी मंद आचेवर सुरुवात केली.

"आधीचे सेक्रेटरी सामंत, ते पाहणीला येताना स्वतःची शिडी आणायचे," त्या म्हणाल्या.

"सामंत काय करायचे ते मला सांगू नका."

"छे, सांगत नाही. माणूस नीटनेटका होता, एवढंच. करमरकरबाई, गच्चीवरची टाकी त्यांच्या वेळी गळत नव्हती ना हो?"

"नव्हती," करमरकरबाई वहीतून म्हणाल्या.

"टाकीचा इथे काय संबंध?" फणसळकरांनी बशी खाली ठेवली. "वहिनी, चढताय की लिहू?"

"रहिवाशाने दाखवायचं म्हणजे मीच दाखवायचं, असं आहे का नियमात?"

"कोणीही रहिवासी. नियम मी केलाय, मला ठाऊक आहे."

"तुम्ही केलात? मला वाटलं सामंतांनी." वत्सलाबाईंनी त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले, वर खोबरं घातलं. "तुमचं काही चुकत नाही हो भाऊजी. सगळ्यांनाच जमतं असं थोडंच आहे?"

फणसळकर उभे राहिले. "मला जमत नाही? हा खांब आत्ता एका हाताने उपटून दाखवतो," असं म्हणून त्यांनी खांब धरला. हात चिकटला. दुसरा हात आपोआप त्याच्यावर गेला, मागून पाय आले, आणि सेक्रेटरी 'टाकीची कागदपत्रं आहेत माझ्याकडे' असं ओरडत छतापर्यंत पोचले.

"वजन किती तुमचं?" करमरकरबाईंनी विचारलं.

"ब्याऐंशी!"

करमरकरबाईंनी ब्याऐंशी लिहिलं, स्टुलावर चढून त्यांची सही घेतली, आणि 'भार घेतो' असा शेरा मारून वही मिटली. वत्सलाबाईंनी या सगळ्याला जीभसुद्धा लावली नव्हती.

उतरण्याची कृती पान अकरावर होती: 'मन शांत झाल्यावर आपोआप.' पण जो तो येऊन शांत व्हा म्हणत होता, त्यामुळे फणसळकर दोन दिवस वरच होते. त्यांच्या बायकोने रक्तदाबाची गोळी पाठवली. एकादशीला वत्सलाबाईंनी त्यांना स्टुलावरून साबुदाण्याची खिचडी दिली. टीव्ही होता तिथेच राहिला. बातम्या ऐकताना वरूनही कोणी बोलतं, याचा मधुकररावांना त्रास झाला.

द्वादशीला गुरुजी आले. चातुर्मासात जे सोडलं ते आधी दान करायचं आणि मग आपण घ्यायचं, अशी रीत आहे. वत्सलाबाईंनी पळी-पंचपात्र मांडलं, उदक सोडलं, आणि आपल्या रागातला वरचा ओंजळभर गुरुजींच्या उपरण्यात घातला. "कल्याण असो," गुरुजी म्हणाले आणि निघाले. जिन्यात कोणाची तरी सायकल आडवी होती. हा जिना तुझ्या बापाचा आहे का, असं गुरुजी कोणाला तरी विचारत असल्याचं वरपर्यंत ऐकू आलं.

वत्सलाबाईंनी देवाला नमस्कार केला आणि उरलेला राग घेतला.

तो काही आठवावा लागला नाही. आधी चातुर्मासातला आला: फुकटचा आहे म्हणणं, या वयात म्हणणं, आणि टीव्हीसाठी त्यांची जागा त्यांच्या पाठीमागे वाटून टाकणं. मग त्याच्यामागून एकतीस वर्षांचं मीठ आलं, पुढे असलेलं आणि मागे असलेलं. त्यांनी तिथेच काष्टा घातला. हॉलमध्ये येऊन खांब धरला, आणि तीन हातांत त्यांचं डोकं फणसळकरांच्या तळपायांना लागलं.

"भाऊजी, सरका."

"कुठे सरकू? वर छत आहे."

"मग खाली."

"मी पाहणीवर आहे."

"पाहणी झाली. तुमची सही आहे. ही माझी जागा आहे, आणि ती मी कोणाला विचारून घेतलेली नाही."

आवाज चढलेला नव्हता. फणसळकरांनी वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचा स्वतःचा राग दोन दिवसांचा, तोही टाकीवरचा. तो त्यांना तेवढ्यात फार पातळ वाटला असावा, कारण त्यांचे हात सुटू लागले. वत्सलाबाईंनी अंग बाजूला घेऊन त्यांना वाट दिली. ते सावकाश घसरत खाली आले, चपला घातल्या, 'येतो' म्हणाले आणि गेले.

वत्सलाबाई छताला टेकल्या.

मधुकरराव खांबाखाली येऊन उभे राहिले. "अगं, आज पारणं ना? पानं घ्यायची का?"

"घ्या की," वरून उत्तर आलं.

मधुकररावांनी मान वर करून विचारलं, "तुला किती वेळ लागेल?"

वत्सलाबाईंनी डब्यातले तांदूळ अजमावावेत तसा अंदाज घेतला. राग अजून पुष्कळ होता. नवा भरेपर्यंत तो पुरवून पुरवून वापरायचा, असं त्यांनी ठरवलं.