कोल्हिणीच्या अंगात कोण?

बाहुल्यांना आंघोळ घालावी, हा विचार बाबांच्या डोक्यात चहा पिताना आला आणि चहा संपेपर्यंत त्याचा निश्चय झाला. त्यांच्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे असेच एका कपाच्या अवधीत ठरलेले असत. (लग्नसुद्धा, असं त्यांची बायको म्हणते. पण तो विषय वेगळा.)

घरात त्यांना बाबा म्हणतात, तेव्हा आपणही बाबाच म्हणू. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत. नाजूक वस्तू उघडायची, पुसायची आणि परत जोडायची यात त्यांचा हातखंडा. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपण उघडून परत जोडू शकतो, असा त्यांचा गैरसमज झाला होता.

आता बाहुल्यांविषयी. इतर घरांत ज्या काचेच्या कपाटात पाहुण्यांसाठीचे कप असतात, त्या कपाटात या घरी व्हिडिओ गेममधली मंडळी उभी होती. अस्वल, कासव, चेटकीण, चिलखतातला सरदार, कोल्हीण आणि आणखी बरीच. टीव्हीला एक चपटा चौथरा जोडलेला होता. त्यावर अस्वल ठेवलं की चौथरा उजळायचा आणि टीव्हीत तेच अस्वल उडी मारून हजर व्हायचं. उचललं की गडप. अस्वलाने आजवर काय कमावलं, कुठले कपडे घातले, शेवटी कुठे उभं होतं, हे सारं त्या बाहुल्याच्या तळाला चिकटवलेल्या काळ्या चकतीत साठलेलं असायचं. वरचं शरीर नुसतं प्लॅस्टिक. खरा जीव बुडात.

सगळ्यांत लाडकी कोल्हीण. ती लेकीची. लेकीने दुधाचे दात पडायच्या वयापासून तिला वाढवलं होतं, तिला तलवार मिळवून दिली होती, पंख मिळवून दिले होते. सरदार बाबांचा. बापलेक शेजारी बसून खेळत आणि बाबा दरीत पडले की लेक त्यांना ओढून वर काढी. मग लेक शिकायला होस्टेलवर गेली. जाताना दम देऊन गेली, "बाबा, मी नसताना खेळायचं नाही. तू माझी सगळी नाणी उडवतोस." बाबांनी शब्द दिला आणि पाळला. होस्टेलवरून फोन आला की तिची उत्तरं हल्ली "हं" आणि "बरं" यांतच आटपत. पण फोन ठेवताना ती न चुकता विचारायची, "कोल्हीण कशी आहे?" बाबा कसे आहेत, हे विचारायचं तिला सुचत नसे. तरी बाबांना त्या प्रश्नाचा आधार होता. लेकीला या घराशी बांधणारा तेवढाच धागा आहे, असं त्यांना मनातून वाटायचं.

ती आज संध्याकाळी सुट्टीवर येणार होती. आणि मंडळींवर धूळ बसली होती.

बाबांनी काम शास्त्रशुद्ध केलं. चकत्यांना पाणी लागू नये म्हणून त्या पातळ सुरीने अलगद सोडवल्या, दुकानातून आणलेल्या काच पुसायच्या द्रवाने पुसल्या आणि टेबलावर टॉवेल पसरून त्यावर ओळीने मांडल्या. शरीरं न्हाणीघरात नेऊन साबणाने चोळली. (चेटकिणीच्या कानामागे फार मळ होता.) ती वाळवून, त्याच क्रमाने, त्यांनी प्रत्येकाला आपापली चकती चिकटवली. फ्रेमसाठी वापरतात तोच गोंद. एकदा बसला की हलायचा नाही.

मंडळी लखलखीत होऊन कपाटात उभी राहिली. बायको आत जरा आडवी झाली होती. एकदा तपासून घ्यावं, असं बाबांना वाटलं. तपासणं म्हणजे काही खेळणं नव्हे. उजेड टीव्हीवर पडतो म्हणून त्यांनी पडदे ओढले आणि अस्वल चौथऱ्यावर ठेवलं.

चौथरा उजळला, पण नेहमीसारखा तपकिरी नाही, जांभळा. टीव्हीतून एक घोगरा बाईचा आवाज आला, "मला परत का बोलावलंस?"

हे वाक्य चेटकिणीचं. हजार वेळा ऐकलेलं. लेक तर जेवायला हाक मारली की याच आवाजात ओरडायची. पण चौथऱ्यावर गोंडस, स्वच्छ, साबणाच्या वासाचं अस्वल उभं असताना ते वाक्य ऐकू येणं ही गोष्ट निराळी होती. त्यांनी अस्वल उचललं आणि कासव ठेवलं. कासवाने डरकाळी फोडली. चेटकीण ठेवली, तर पडद्यावर एक कासव मान बाहेर काढून बाबांकडे बघत राहिलं. भर दुपारी बाबांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"अहो ऐकलंत का!" ते ओरडले. वास्तविक हे वाक्य बायकोचं, पण तेही आज बाबांच्या अंगात शिरलं होतं.

बायको डोळे चोळत आली. "काय झालं?"

"तू टेबलाला हात लावला होतास?"

"हात कसला, मला भाजी निवडायची होती. टॉवेल चार कोपऱ्यांनी उचलला आणि सोफ्यावर ठेवला. नंतर सगळ्या टिकल्या होत्या तशा ओळीत मांडून ठेवल्या. एकही हरवू दिली नाही."

"होत्या तशा?"

"होय, ओळीतच होत्या ना?"

बाबा मटकन खाली बसले. परकायाप्रवेश झाला होता, आणि तो फ्रेमच्या गोंदाने पक्का झाला होता. मग त्यांनी एकेकाला चौथऱ्यावर चढवून कुणाच्या अंगात कोण आहे ते शोधायला सुरुवात केली. बाकी सगळे सापडले. शेवटी दोन शरीरं उरली, सरदार आणि कोल्हीण. म्हणजे हिशेब सोपा. सरदारात कोल्हीण असणार आणि कोल्हिणीत सरदार.

त्यांनी सरदार ठेवला. चौथरा उजळलाच नाही. त्यांनी तो उचलून पुन्हा ठेवला, पुसून ठेवला, फुंकर मारून ठेवला. काही नाही. त्या चकतीत जीवच नव्हता. बाबांना काच पुसायचा तो द्रव आठवला. लेकीची कोल्हीण आपण मारली. तिच्या लहानपणाची इतकी वर्षं आपण एका फडक्याने पुसून टाकली. आता ती फोन ठेवताना काय विचारेल?

"ती दुसरी राहिली ना?" बायको हळूच म्हणाली.

त्यांनी कोल्हीण ठेवली. चौथरा फिकट पांढरा उजळला. असा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. टीव्हीत एक रिकामी, अंधारी खोली दिसली, आणि खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, कुणीतरी उभं होतं.

तो सरदार नव्हता. चिलखत नाही, शिरस्त्राण नाही. बसके खांदे, डोक्याच्या मागे टक्कल, अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. तो नुसता उभा होता. मधूनच त्याचे खांदे वर होत आणि पडत. उसासा टाकत असावा.

"हा कोण?" बाबांनी कुजबुजून विचारलं.

"ओळखीचा वाटतो," बायको म्हणाली.

"पाठमोरा माणूस ओळखीचा कसा वाटेल?"

"पाठच ओळखीची वाटते."

बाबांची बोबडी वळायची बाकी राहिली होती. त्यांनी धीर करून रिमोटचं बटण दाबलं. माणूस हलला नाही. दुसरं बटण दाबलं. माणसाने वळून न पाहता, अगदी सावकाश, नकारार्थी मान हलवली.

"बाई गं!" बायकोने त्यांचं मनगट पकडलं.

"को... कोण आहेस तू?" बाबांनी टीव्हीला विचारलं. कपाळावर घाम फुटला होता, नाकावरून चष्मा घसरला होता. त्यांनी तो मधल्या बोटाने वर ढकलला. टीव्हीतल्या माणसानेही त्याच क्षणी हात वर नेला आणि चेहऱ्यावरचं काहीतरी मधल्या बोटाने वर ढकललं.

बायकोने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि मनगट सोडून दोन पावलं मागे सरकली. बाबांनाही स्वतःपासून मागे सरकावंसं वाटलं, पण ते जमण्यासारखं नव्हतं. टीव्ही बंद करायची कुणाची छाती होईना. बंद केल्यावर तो कुठे जाईल, हा प्रश्न होता. दोघं सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. तो भिंतीकडे बघत होता आणि ही दोघं त्याच्याकडे.

दाराची बेल वाजली तेव्हा दोघांनी एकदमच किंकाळी फोडली.

लेक आत आली, तिने बॅग टाकली, पडदे उघडले आणि कपाटाकडे पाहिलं. "हे सगळे एवढे चकचकीत कसे काय?"

बाबांनी सगळं सांगून टाकलं. आंघोळ, टॉवेल, गोंद, द्रव. "आणि तुझी कोल्हीण..." त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. "माझ्या हातून गेली, बाळा. आणि तिच्या जागी हे काय आलंय, ते मला माहीत नाही."

लेकीने टीव्हीकडे पाहिलं आणि ती जी हसत सुटली, ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"बाबा, तो तू आहेस!"

"मी?"

"तुझा सरदार. जाण्याआधी त्याचं चिलखत काढून मी त्याला तुझ्यासारखं सजवलं. टक्कल, चष्मा, स्वेटर, चष्मा वर ढकलायची सवयसुद्धा. तू शब्द मोडून खेळशील म्हणून कोपऱ्यात उभा केला आणि कुलूप घातलं. लहान मुलांसाठी असतं ना, ते. मग चौथरा पांढरा होतो आणि बटण दाबलं की तो नाही म्हणतो."

"तरी मी म्हणत होते, पाठ ओळखीची आहे," बायको सोफ्यावरून पाय खाली घेत म्हणाली.

"पण कोल्हीण?" बाबांनी विचारलं. त्यांना स्वतःचं काय झालं याची फिकीर नव्हती. "ती चकती तर मेली."

लेकीने गळ्यातली दोरी ओढून बाहेर काढली. दोरीला एक काळी चकती होती. "ती मेलेली चकती मैत्रिणीच्या मोडक्या बाहुल्याची, मीच कोल्हिणीला लावून ठेवलेली. हिची मी बरोबर नेली होती. मला तिथे करमत नव्हतं. आणि तू कधीतरी काहीतरी उघडणार, हे ठरलेलंच होतं." मग दुसरीकडे बघत ती म्हणाली, "फोनवर मी कोल्हिणीची चौकशी करायचे ना, ती माझ्याजवळच असायची. मला तुझा आवाज ऐकायचा असायचा. तू तिच्याबद्दलच तेवढा मोकळा बोलतोस."

बाबांनी चष्मा काढून पुसला.

लेकीने चकती चौथऱ्यावर त्या बाहुलीशेजारी ठेवली. पंख फडफडवत कोल्हीण हजर झाली. लेकीने एक रिमोट आपण घेतला, दुसरा आईच्या हातात दिला, तिच्यासाठी कासव चौथऱ्यावर चढवलं, कासवाच्या डरकाळीवर दोघी खिदळल्या आणि खेळ सुरू झाला.

बाबा बराच वेळ उभ्या उभ्या बघत राहिले. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "आणि मी?"

"खेळतोयस की," लेक टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "तो काय, तिथे कोपऱ्यात उभा आहेस."