डुलीचंदचा उजवा डोळा

दवनीवाड्यातल्या कोणत्याही लग्नाचा अल्बम उघडा. नवरा-नवरीच्या मागे, पाहुण्यांच्या गर्दीत, एक माणूस उजवा डोळा मिटून उभा दिसेल. तो आमचा डुलीचंद पटले. एकदा नवरीच्या मावशीने, याने मला डोळा मारला, म्हणून भर मांडवात गोंधळ घातला. डुलीचंदने व्हिडिओवाल्याच्या हॅलोजनकडे बोट दाखवलं आणि शांतपणे म्हणाला, "तुमाले नाही जी मावशी, त्या लाइटले."

ही त्याची ड्रायव्हरकीची सवय. समोरून झगझगीत उजेड आला की उजवा डोळा मिटायचा आणि डाव्या डोळ्याने रस्त्याची डावी कड धरून चालायचं. समोरची गाडी गेली की मिटलेला डोळा उघडायचा. तोवर अंधारात राहिल्यामुळे त्याला पुढचा रस्ता लगेच दिसतो. "एक डोळा रोजच्या वापराचा, एक ठेवणीतला," असं तो सांगे. पुढे सवय इतकी अंगात भिनली की घरात ट्यूबलाइट लागली तरी उजवा डोळा मिटे.

त्याच्या खिशात पेन नसे, पेचकस म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर असे. गावातल्या प्रत्येक गाडीच्या दिव्याने नजर खाली ठेवावी, हा त्याचा हट्ट. माझ्या शाळेच्या भिंतीवर त्याने गेरूने एक आडवी रेघ मारून ठेवली होती. नवी फटफटी घेणाऱ्याने त्या भिंतीसमोर उभं राहून दिवा लावायचा. उजेड रेघेच्या वर गेला की डुलीचंद पेचकस काढे. शाळेला रंग दिला की चार दिवसांत रेघ पुन्हा हजर. मी मुख्याध्यापक. त्याला बोलावून चांगला झापला, तर म्हणतो, "पोरायले रेघ माराले तुमीच शिकवता ना, गुरुजी?" तो गेल्यावर मी पट्टी लावून पाहिली. फळ्यावरच्या माझ्या रेघांपेक्षा ती सरळ होती.

रात्री कोणी टॉर्च घेऊन अंगणात आलं की तो आधी "डिपर मार", म्हणजे झोत खाली कर, म्हणे आणि मग "ये, बस". हल्लीच्या पांढऱ्या दिव्यांना तो वेल्डिंग म्हणतो. "सारे वेल्डिंग करत फिरून राह्यले," एवढंच बोलतो आणि डोळा मिटतो.

त्याच्याबद्दल लोक आणखी एक गोष्ट सांगतात. ती खोटी आहे, आणि ती खरी ठरवली ती मी. त्यासाठीच हे लिहायला बसलो.

वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुनी जीप होती. गावातली तेव्हाची एकुलती एक. तिच्या डाव्या दिव्याला दोनच दिवसांपूर्वी म्हशीने धडक दिली होती आणि तेव्हापासून तो वर, आभाळाकडे पाहत असे. एका संध्याकाळी अंधार पडल्यावर मी चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवरून परतत होतो. समोरून एका फटफटीने डिपर दिला, पुन्हा दिला, तिसऱ्यांदा दिला. मी दिवे खाली केले नाहीत. फटफटीवाल्यासाठी मी कायले दिवे खाली करू, असा तेव्हा माझा तोरा होता. ती बाजूने गेली आणि आरशात तिचा लाल दिवा एकदम खाली गेलेला मला दिसला. मी थांबलो नाही.

फटफटीवर डुलीचंद आणि त्याची बायको अनुसया होती. तिचं माहेर चोरखमाऱ्याचं. दोघं पाळीच्या दगडांवर पडली. त्याचा हात मोडला. तिचा पाय मोडला तो कायमचा अधू झाला.

रात्रीचा एवढा वाकबगार ड्रायव्हर शुद्धीत पडेल कसा? मोहाची दारू प्यायला असणार, असं गाव म्हणालं. अनुसयाबाई नाही म्हणाली, तर बायको नवऱ्यावर पांघरूण घालते, असं झालं. तिचा भाऊ झनकलाल माझ्या घरी आला. त्याने विचारलं, "गुरुजी, तुमी त्याच वाटेनं आले. समोरून कोनती गाडी होती का?" मी म्हणालो, वाट मोकळी होती.

झनकलालने बहिणीच्या घरी पुन्हा पाय ठेवला नाही. डुलीचंदच्या हाती वरातीच्या गाड्या देणं लोकांनी बंद केलं. दर भाऊबीजेला तो अनुसयाबाईला तलावाच्या पाळीपर्यंत सोडी आणि तिथूनच मागे वळे. तिथून ती काठी टेकत एकटी माहेरी जाई.

पडल्याच्या आठव्या दिवशी, हात गळ्यात अडकवलेला डुलीचंद माझ्या दारात उभा राहिला. "गुरुजी, तुमचा डावा दिवा आभाळात पाहून राह्यला जी," एवढंच म्हणाला आणि एका हाताने पेचकस फिरवत त्याने दिवा सरळ केला. मला वाटलं, माणूसच विक्षिप्त, मोडक्या हातानेही पेचकस सोडवत नाही. जाताना म्हणाला, "रात्री कोन्या बाईले गोंदियाले न्या लागलं तर मले उठवा."

त्यानंतर कित्येक बाळंतिणी त्याने माझ्या जीपमधून दवाखान्यात पोचवल्या. मी शेजारी बसे. समोरून धानाच्या ट्रकांची रांग यायची, काचेवर नुसता पांढरा भडका, मला स्वतःचे गुडघे दिसत नसत. डुलीचंद उजवा डोळा मिटून, आधी आपले दिवे खाली करून, रस्त्याच्या कडेवरून सुतासारखी गाडी नेई. मागे कण्हणाऱ्या बाईला धक्का लागत नसे. वर मैलभरावरून सांगे, "हा मिलवाला, याचा उजवा दिवा पिवळा हाय. त्याच्यामागं गंगाझरीचा टेम्पो." परिसरातली प्रत्येक गाडी तो दिव्यांवरून ओळखे. मी थक्क होई आणि त्याच वेळी मनात येई, पाळीवर याने माझेही दिवे ओळखले असतील का?

यंदा मला मोतीबिंदू झाला. ऑपरेशनच्या आधी एका संध्याकाळी ऑटोतून येताना समोरून दिवे आले आणि रस्ता, झाडं, ऑटोवाल्याची पाठ, सगळं पुसून गेलं. दोनच क्षण. मी ऑटोचा दांडा धरून ओरडलो. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी डुलीचंदकडे गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं, तलावाच्या पाळीवर समोरून आलेली ती गाडी माझी होती.

"मालूम हाय जी," तो म्हणाला. "एक दिवा वर, एक खाली. मले वाटलं दोन फटफट्या येऊन राह्यल्या, मागंपुढं. दोघीले वाट द्यावी म्हनून कडेले गेलो. कड दिसली नाही. तुमची जीप पाह्यली तवा समजलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुमी लाजेनं जीप इकली असती. गावात एकच जीप. बायांले कायच्यात नेलं असतं?"

अनुसयाबाई चुलीपाशी बसली होती. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आमच्या भावाले सांगा ना, गुरुजी."

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं डुलीचंदच्या टेम्पोतून निघालो. तलावाच्या पाळीवर डुलीचंदने सवयीने ब्रेक लावला. मी म्हणालो, पुढे चल. झनकलालच्या अंगणाबाहेर त्याने गाडी उभी केली, दिवे विझवले आणि तिथेच थांबला. आत जाऊन मी सगळं सांगितलं. मोकळी वाट, आरशातला लाल दिवा, माझं खोटं. झनकलाल म्हणाला, "वीस वर्स, गुरुजी." खुंटीवरचा टॉर्च घेऊन तो बाहेर गेला.

मी दारातून पाहत होतो. टॉर्चचा झोत सरळ डुलीचंदच्या तोंडावर पडला. त्याने डोळा मिटला नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून तो त्या उजेडाकडे पाहत राहिला, आणि डिपर मार असंही म्हणाला नाही.

झनकलालने आपणहून टॉर्च खाली, जमिनीकडे केला.