पोकळे सान, पोकळे थोर

सरळ सांगून टाकायचं, तर पुण्यात भरलेल्या जपानी संस्कृती महोत्सवातल्या संभाषण स्पर्धेत पहिला नंबर धायरीच्या गेनबा पोकळे यांनी पटकावला. वय शहात्तर. शिक्षण चौथी. जपानीचं ज्ञान शून्य!

आता हे विसरा. असं काही घडलेलंच नाही. गेनबांचा नातू तेजस याला विचारलंत, तर तो शांतपणे सांगेल की त्या रविवारी पोकळे कुटुंब सिंहगडावर गेलं होतं, पिठलं-भाकरी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं आणि खाली आलं. फारच खोदून विचारलंत, तर दही किंचित आंबट होतं हेही सांगेल.

तर न घडलेली गोष्ट अशी.

तेजस दीड वर्षं जपानीच्या क्लासला जात होता. पुण्यात दर तिसरा मुलगा जपानी शिकतो आणि उरलेले दोघं जर्मन सोडून जपानीकडे वळायच्या विचारात असतात, त्यामुळे यात विशेष काही नव्हतं. विशेष होता तो तेजसचा आत्मविश्वास. "बघत राहा," तो घरात म्हणायचा, "एक दिवस मला स्वप्नंसुद्धा जपानीत पडतील!" आणि खरंच एकदा पडलं. त्याला त्यातलं काही कळलं नाही.

जपानीच्या सगळ्यात सोप्या, जणू बालवाडीच्या परीक्षेचा निकाल लागला. पास व्हायला ऐंशी गुण लागत होते. तेजसला पडले एकाहत्तर. तो जिन्यात मोबाइल धरून उभा असतानाच वडील, हिंमतराव, खालून वर आले.

"झाला का निकाल?"

"झाला," तेजस पुटपुटला.

हिंमतरावांनी फक्त सूर ऐकला. मुलगा खाली मान घालून बोलला की आई-बापांना तो विनय वाटतो! त्यांनी तेजसच्या पाठीत एक थाप मारली, खाली गेले आणि पेढे घेऊनच वर आले. आईनं औक्षण केलं. तेजसनं ठरवलं, परवा सांगून टाकायचं. परवा सकाळी धायरी फाट्यावर फ्लेक्स लागला.

सोळा फुटी! 'जपानला धायरीचा धक्का!' असं वर, मागं बर्फाचा डोंगर, पुढं सुटाबुटातला तेजस. सूट त्याचा नव्हता. मानेखालचा तेजसही त्याचा नव्हता. खाली बावीस शुभेच्छुकांचे हसरे फोटो, त्यातल्या दोघांना तेजसनं जन्मात पाहिलं नव्हतं. सोळा फूट लांबीचं खोटं तोंडी कसं मागं घ्यायचं, हे त्याला कुठल्याच भाषेत सुचेना.

आणि अशात महोत्सवाची बातमी छापून आली.

"खरे जपानी लोक येणारेत," हिंमतराव पेपर नाचवत म्हणाले. "सगळ्यांनी जायचं. आपला पोरगा त्यांच्याशी बोलताना मला या डोळ्यांनी बघायचाय. आबा, तुम्हीपण चला."

"म्या काय करू तिथं?" आबा, म्हणजे गेनबा, म्हणाले.

"ऐका!"

"त्येच तर जमत नाय," आबा म्हणाले आणि कानातलं मशीन नीट बसवून बसले.

तेजसची योजना साधी होती. दोन तास काढायचे आणि एकाही जपानी माणसाच्या दहा फुटांच्या आत यायचं नाही. दीड वर्षात त्याला एकच वाक्य पक्कं पाठ झालं होतं, 'हाजिमेमाशिते, तेजस देसु,' म्हणजे 'भेटून आनंद झाला, मी तेजस'. आणि हे एकच वाक्य दोन तास पुरवायचं म्हणजे एका चमच्यानं खडकवासला रिकामं करण्यासारखं होतं.

महोत्सव एका कॉलेजच्या मैदानावर होता. दारातच पाटी: 'चपला येथे काढाव्यात. बदलल्यास जपान जबाबदार नाही.' पलीकडे 'कागदाचे पक्षी शिकवले जातील. पक्षी कसा उडेल असे विचारू नये.' म्हणजे जपान आलं होतं खरं, पण पुण्यात आलं होतं.

पहिला तास छान गेला. जपानी माणूस दिसला की तेजस घरच्यांना उलट्या दिशेला वळवायचा. आईनं किमोनो घालून फोटो काढला. हिंमतरावांनी सुशी खाल्ली आणि "भात गार आहे, गरम करून द्या," असं स्टॉलवाल्याला सांगितलं. आबा ढोलवाल्यांसमोर उभे राहिले. ते जपानी ढोल असे दणाणले, की आबांनी कानातलं मशीन उपसून सदऱ्याच्या खिशात टाकलं. "गणपतीत आमची पोरं बरी," ते म्हणाले आणि त्यानंतरचा महोत्सव त्यांनी जवळजवळ मूक बघितला.

एवढ्यात हिंमतरावांना एक बाण काढलेली, जपानी अक्षरांची पाटी दिसली.

"तेजस, काय लिहिलंय रे?"

तेजसनं डोळे बारीक केले. एक अक्षर ओळखीचं वाटलं. क्लासमध्ये मागच्या बाकावर बसायचं ते.

"'निसर्गाशी एकरूप व्हा'," तो गंभीरपणे म्हणाला.

"वा! किती खोल विचार करतात ही माणसं!"

धाकटी बहीण तेजस्विनी बाणाच्या दिशेनं जाऊन परत आली. "पप्पा, टॉयलेट आहे."

"मग?" तेजस म्हणाला. "चूक काय आहे त्यात?"

"दादा," ती कानाशी येऊन म्हणाली, "तू नक्की पास झालायस ना?"

तेजस एकदम कागदाच्या पक्ष्यांकडे बघू लागला. आणि तेवढ्यात हिंमतराव नावनोंदणीच्या टेबलापासून विजयी चेहऱ्यानं परत आले.

"नाव दिलं!"

"कुणाचं? कशात?"

"संभाषण स्पर्धा! स्टेजवर जपानी माणसासमोर बसायचं आणि बोलायचं. फॉर्मवर आडनाव आणि गाव एवढंच होतं. पोकळे, धायरी. लगेच बोलावतील."

तेजसचा चेहरा त्या गार भातासारखा झाला. "पप्पा, माझं पोट…" एवढं म्हणून तो बाणाच्या दिशेनं पळाला आणि निसर्गाशी एकरूप होऊन आतून कडी लावून बसला. स्पर्धा संपेपर्यंत बाहेर यायचं नाही! कोणी विचारलं तर सुशी बाधली म्हणायचं. जपानचं नाव खराब होईल, पण आपलं वाचेल.

इकडे स्टेजवर तेजसच्याच क्लासच्या शेफाली मॅडम माइक घेऊन उभ्या होत्या. शेजारी परीक्षक कुरोदा, ऐंशीच्या घरातले, बर्फाळ मुलखातल्या एका खेड्यातले शेतकरी. मैत्री मंडळाबरोबर पाहुणे म्हणून आलेले. जपानीखेरीज त्यांना एकही भाषा येत नव्हती.

"पोकळे सान!" मॅडमनी पुकारलं. सान म्हणजे जपानीतलं 'राव'. "पोकळे सान!"

एवढ्या मोठ्या माइकवरून आलेलं नाव आबांना मशीनशिवायही ऐकू गेलं. त्यांनी हात वर केला.

"सान आत गेलाय! थोरला मी हाय!"

लोक हसले. मॅडमना वाटलं, आजोबा मुद्दाम गंमत करतायत. आजोबांचे पाय दुखत होते आणि स्टेजवर कुरोदांसमोर एक रिकामी खुर्ची होती. आबा चढले, खुर्चीला हात लावून म्हणाले, "रिकामी हाय का?"

कुरोदा कमरेत वाकले. "हाय! हाय!"

आबांचा चेहरा उजळला. दोन तासांत पहिल्यांदा कोणीतरी आपल्यासारखं बोललं होतं! ते बसले. "मुळशीकडचं का तुमी?"

वेळ सुरू झाली. नियम असा, की परीक्षक बोलतील आणि स्पर्धकानं न अडखळता प्रतिसाद द्यायचा. आधीच्या स्पर्धकांपैकी एक जण 'मला सफरचंद आवडते' यापुढं गेला नव्हता आणि एक मुलगी रडली होती. कुरोदा बोलू लागले. मॅडम लोकांसाठी हळू आवाजात मराठी करत होत्या. आबांना त्यातलं काही पोचत नव्हतं. कुरोदांचंही फक्त वाक्याचं शेपूट ऐकू येत होतं. पण जपानी प्रश्नाच्या शेवटी 'का' येतो, अगदी मराठीसारखा, आणि 'का' आला की समोरचा काहीतरी विचारतोय हे आबांना कळत होतं. पुढचं ते चेहरा बघून ठरवत. पारावर पन्नास वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

"कुरोदा सान म्हणतायत, त्यांच्या शेतातून मोठा रस्ता गेला," मॅडम म्हणाल्या.

आबांनी समोरचा पडलेला चेहरा बघितला, चक् केलं आणि मान हलवली. "आसं का!"

कुरोदा थबकले. मॅडमही थबकल्या. "जपानीत याला 'आ, सो का' म्हणतात," त्या लोकांना म्हणाल्या. "म्हणजे… अं… असं का."

"आता विचारतायत, तुमच्याकडेही पूर्वी शेतं होती का?"

"हाय, हाय!" आबा म्हणाले.

"हाय म्हणजे हो," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता.

"आता गावात तरुण मुलं शेती करतात का?"

कुरोदांनी विचारताना असा सुस्कारा सोडला, की आबांनीही सोडला. "नाय!"

"नाय म्हणजे नाही! अचूक!" मॅडम जागच्या जागी टुणकन उडाल्या. टाळ्या पडल्या. हिंमतराव शिट्टी वाजवणार होते, आईनं हात धरला. "अहो, आबांना कधी येत होतं हे?" ती कुजबुजली. "तेजसनं शिकवलं असणार!" हिंमतराव छाती फुगवून म्हणाले. तेजस्विनी मोबाइलवर सगळं शूट करत होती आणि हसून तिचा हात एवढा हलत होता, की व्हिडिओत भूकंप झालेला दिसतो.

मग कुरोदा पुढं झुकले आणि मायेनं म्हणाले, "ओमागो सान वा?"

'मागो' म्हणजे नातू. 'तुमचा नातू काय करतो?' असं त्यांना विचारायचं होतं. आबांना मात्र दोनच शब्द ऐकू आले. 'मागं' आणि 'सान'. त्यांना वाटलं, धाकटा पोकळे कुठं गेला हे पाहुण्यांनी विचारलं. त्यांनी वळून संडासाकडे बोट केलं आणि ठणकावून सांगितलं,

"सान मागं हाय!"

कुरोदा बघू लागले. मॅडम बघू लागल्या. साडेतीनशे माणसं वळून संडासाच्या दाराकडे बघू लागली. आणि टाळ्यांचा कडकडाट ऐकून स्पर्धा संपली असं समजलेला तेजस नेमका त्याच क्षणी हात पुसत बाहेर आला.

"हाच नातू!" हिंमतराव ओरडले. "ये, ये! वर ये!"

लोकांनी त्याला अक्षरशः पुढं ढकललं. कुरोदांनी त्याचा हात हातात घेतला आणि जपानीत एक लांबलचक, आपुलकीचा प्रश्न विचारला.

"हाजिमेमाशिते," तेजस म्हणाला. "तेजस देसु."

कुरोदांनी दुसरा प्रश्न विचारला.

"तेजस देसु," तेजस म्हणाला.

तिसरा.

"देसु," तेजस म्हणाला.

"अरे तेजस, तू!" मॅडमनी त्याला ओळखलं. त्या मनानं फार चांगल्या होत्या आणि माइक चालू होता. "घाबरू नकोस रे! नऊच मार्कांनी तर गेलास. डिसेंबरला परत बस, नक्की निघशील!"

माइकनं ते मैदानभर पोचवलं.

"गेला म्हणजे?" हिंमतरावांचा आवाज आला. "कुठं गेला?"

"परीक्षेत, पप्पा," तेजस्विनीनं तत्परतेनं भाषांतर केलं.

"पण तू तर झाला म्हणालास!"

"निकाल झाला म्हणालो होतो…" तेजस म्हणाला. त्याला आता जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण स्टेज प्लायवुडचं होतं.

आबांनी या गडबडीत खिशातलं मशीन काढून कानात बसवलं होतं. ढोलांनंतर पहिल्यांदा त्यांनी एक वाक्य धडपणे, पूर्ण, अर्थासकट ऐकलं होतं. त्यांनी नातवाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मान सावकाश हलवून म्हणाले,

"आऽऽसं का!"

कुरोदांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आबांना शंभरपैकी शहाण्णव गुण मिळाले. प्रमाणपत्रावर परीक्षकांचा शेरा होता आणि तो मॅडमनी वाचून दाखवला: 'ऐकण्याची कला दुर्मीळ. उच्चार किंचित ग्रामीण, पण अस्सल. हे गृहस्थ आमच्या भागात किती वर्षं राहिले होते?'

सगळे गाडीत बसून परत निघाले. वडगावच्या पुलाखाली सिग्नलला हिंमतरावांनी एकदाच आरशातून मागं बघितलं. तेजसनं खिडकीबाहेर बघितलं. आई म्हणाली, "पेढे तरी चांगले होते." आबा तेवढे खुशीत होते.

"लई चांगला माणूस," ते म्हणाले. "मराठी जरा तुटक बोलतो, एवढंच."

त्या आठवड्यात तेजसनं खोलीचं दार लावून एक अर्ज लिहिला आणि रजिस्टर पोस्टानं पाठवला. धायरीतल्या घरांत मुलांना बाराखडीच्या आधी सातबारा वाचता येतो, म्हणून भाषा तशीच उतरली. त्याची प्रत तेजस्विनीच्या हाती लागली, ती अशी:

'प्रति, मा. परीक्षा नियंत्रक, जपानी भाषा परीक्षा.

विषय: वडिलोपार्जित गुणांचा पोटहिस्सा पाडून मिळण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर, की अर्जदार आपल्या परीक्षेत नऊ गुणांनी अनुत्तीर्ण आहे. अर्जदाराचे आजोबा श्री. गेनबा पोकळे यांच्या नावे सद्यःस्थितीत शहाण्णव गुण असून ते त्यांना कोणत्याही कामाचे नाहीत. तरी त्यातील नऊ गुणांचा तुकडा पाडून तो अर्जदाराच्या नावे करावा आणि अर्जदारास पूर्वलक्षी प्रभावाने उत्तीर्ण घोषित करावे, ही नम्र विनंती.

मूळ धारकाची लेखी संमती सोबत जोडता आलेली नाही. तोंडी विचारली असता ते "नाय" म्हणाले. सदर उत्तर मराठीत धरावे की जपानीत, याचा निर्णय आपल्या स्तरावर व्हावा. दोन्हीकडे अर्थ एकच निघतो हे अर्जदारास ठाऊक आहे, तथापि आपण सहानुभूतीपूर्वक तिसरी एखादी भाषा शोधावी.'