कमळाबाईंची उसण

संयुक्त महाराष्ट्र मिळाला आणि नेमकी त्याच आठवड्यात कमळाबाईंच्या पाठीत उसण भरली. करी रोडच्या चाळीतून निघालेल्या एकाही मोर्चात त्या मागे राहिल्या नव्हत्या. अश्रुधुराने डोळे सुजले, घोषणांनी घसा बसला, पण कंबर कधी वाकली नाही. ती वाकली शिवाजी पार्कच्या सोहळ्याच्या तोंडावर, खाटेखालची ट्रंक ओढताना. ट्रंकेत या दिवसासाठी राखून ठेवलेलं हिरवं लुगडं होतं. लुगडं बाहेर आलं, बाई मात्र वाकलेल्या त्या वाकलेल्याच राहिल्या.

मुलगा लवू गिरणीत कामाला. त्याने परळच्या डॉक्टर कारखानिसांना आणलं. डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली, गुलाबी औषधाची बाटली दिली आणि तीन आठवडे फळीवर पडून राहायला सांगितलं. मालिशवाल्या कुणाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका, अशी तंबीही दिली.

“तीन आठवडे? तोपर्यंत महाराष्ट्र जुना होईल रे,” कमळाबाई म्हणाल्या आणि डॉक्टर जिना उतरताच त्यांनी लालबागच्या तालमीत निरोप धाडला.

तालमीचे वस्ताद कोंडीराम म्हणजे पैलवानांचे निखळलेले खांदे बसवणारा माणूस. डॉक्टरांना हाडं फक्त फोटोत दिसतात, असं सांगून त्यांनी तेल चोळलं आणि बाईंना असा काही पीळ दिला की शेजाऱ्यांना वाटलं, कुणाचा तरी स्टोव्ह भडकला. आधी नुसत्या पुढे वाकलेल्या कमळाबाई आता डावीकडेही कलल्या.

दुसऱ्या दिवशी दोघांची दारातच गाठ पडली. वस्तादाने बिघडवलं, असं डॉक्टर म्हणाले. औषधाने हाड मऊ पडलं, असं वस्ताद म्हणाले. वाद चांगला रंगला आणि पाठीचं दोघेही विसरून गेले.

शेवटी शेजारच्या आनंदीबाईंनी जुना उपाय काढला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्याने लाथ लावली की उसण पळते. मग पायाळूची शोधाशोध सुरू झाली. सगळी चाळ पालथी घातली, पण एकही पायाळू सापडला नाही. घरातल्या सुनेला मात्र कुणी विचारलं नाही.

सोहळ्याची दुपार झाली. लोक नटूनथटून दादरकडे निघाले. कमळाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी हिरवं लुगडं सुनेच्या हातात दिलं.

“दुर्गा, तू नेस. तू तरी बघून ये.”

दुर्गाला ते लुगडं हातात धरवेना.

“आई, मी पायाळू आहे,” ती हळूच म्हणाली.

पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, म्हणून तिच्या आईने लग्न जमवताना ही गोष्ट दडवली होती. लवूला ती ठाऊक होती. तो खिडकीबाहेर पाहू लागला. सून पारखून आणल्याचा तोरा मिरवणाऱ्या कमळाबाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली.

“मग बघत काय बसलीस? मार.”

“सासूला लाथ कशी मारू? पाप लागेल मला.”

“पाप माझ्या डोक्यावर. मार तू.”

दुर्गा आधी सासूच्या पाया पडली, मग तिने पाठीला पायाचा अंगठा टेकवला. काहीच झालं नाही.

“अगो, मी तुला जेवायला घालत नाही काय?”

या प्रश्नाने दुर्गाला लग्न झाल्यापासूनचं बरंच काही आठवलं. दुसरी लाथ बसली. कट् असा आवाज झाला आणि कमळाबाई ताठ उभ्या राहिल्या.

संध्याकाळी त्या हिरवं लुगडं नेसून शिवाजी पार्कवर होत्या. गर्दीत डॉक्टर भेटले आणि औषधाचा गुण पाहून खूश झाले. पुढे वस्ताद भेटले, त्यांनी आपला हात किती जुना आहे ते सांगितलं. बाईंनी दोघांचेही आभार मानले. सुनेची लाथ खाल्ली, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? पण गर्दीत त्यांनी दुर्गाचा हात एकदाही सुटू दिला नाही. आज त्यांना फार बरं वाटत होतं.

लाथेच्या वेळी आनंदीबाई दारात उभ्या होत्या. पण त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, फक्त नळावर सांगितली.

त्यानंतर चाळीत एखाद्या सासूने नुसतं “आई गं” म्हणून कमरेवर हात ठेवायचा अवकाश, घरची सून पुढे येऊन सांगू लागली की आपणही पायाळूच आहोत. सगळ्यांत आधी पदर खोचून उभी राहिली ती आनंदीबाईंची सून.