टीसी बुकावर बसणारे लांजेवार बाबू

आमच्या तुमसरच्या कॉलेजातले लांजेवार बाबू टीसी बुकावर बसत. म्हणजे अगदी बूड टेकून, गादीसारखं खाली घेऊन. कोणी टीसी मागायला गेला की चष्म्यावरून बघत आणि विचारत, "काहून बे? इथले मास्तर चावतात का तुले?"

एकटा जीव. बाजारामागं एका खोलीत राहत. त्यामुळे घरी जायची घाई त्यांना कधीच नसे, आणि आमचा जीव मात्र टांगणीला.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मला नागपूरच्या कॉलेजाचं वेड लागलं. बाबा चिखल्याच्या खाणीत मजूर, माझं शिक्षण चालायचं ते सरकारी स्कॉलरशिपवर. बाबूंनी मला तीन दिवस परत पाठवलं.

"तू जाशीन गाडीत बसून. स्कॉलरशिप तुह्या मागं पायी येते. इथं कोणत्या महिन्यापर्यंत उचलली, त्याचा दाखला तिथं पोचला नाही तर बसशीन बोंबलत."

मला वाटलं, म्हातारा खडूस आहे, जळतो. सायकलवरून घरी जाताना मी त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चौथ्या दिवशी ते उठले, बुक काढलं, टीसी फाडली. सोबत एक पोस्टकार्ड दिलं. पत्ता त्यांच्याच अक्षरात, बाकी कोरं.

"स्कॉलरशिप लागली की 'लागली' इतकंच लिही. त्याआधी टाकू नको. मले खोटी खबर नाही पायजे."

कॉलेज सोडणाऱ्या प्रत्येकाला ते असं कार्ड देत. पोरं त्यावर खूप हसायची. मीही हसलो.

नागपुरात दिवाळी झाली, संक्रांत झाली, स्कॉलरशिपचा पत्ता नाही. खिडकीवरचा बाबू एकच सांगे, जुन्या कॉलेजचा दाखला आला नाही. तुमसरला लिहावं तर कोणत्या तोंडानं? मेसमधून नाव कटलं. शिक्षण पुरे, आता बाबांसोबत खाणीत जायचं, असं ठरवून मी पेटी भरली.

अन् दुसऱ्याच दिवशी हॉस्टेलच्या दारात लांजेवार बाबू उभे! काखेत पिशवी, चपलेवर धूळ.

"कार्ड नाही आलं, म्हणून आलो."

मला रडूच फुटलं.

"रडतं कायले? दाखला मी पोळ्याच्या आधीच धाडला होता. इथं कोणाच्या गठ्ठ्यात झोपून असन. दुसरा आणला."

खिडकीवर ते तासभर उभे राहिले. दाखल्यावर आवक नंबर पडला तेव्हाच हलले. मग मला आलूबोंडा खाऊ घातला. मी विचारलं, "एका कार्डासाठी एवढ्या लांब कायले आलात, बाबूजी?"

कागदाला बोटं पुसत ते म्हणाले, "मागं एक पोरगा गेला होता माह्या हातची टीसी घेऊन. दाखल्याची वाट पाहून पाहून त्यानं शिक्षण सोडलं. मले दोन वर्षांनी समजलं."

होळीनंतर स्कॉलरशिप लागली. मी कार्डावर 'लागली' लिहिलं. जागा उरली होती, म्हणून तब्येत कशी आहे, तेही विचारलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं, जवाबी कार्डावर. म्हणजे जोडकार्ड, एका अर्ध्यावर मजकूर, दुसरं अर्धं आपण लिहून परत धाडायचं. त्या कोऱ्या अर्ध्यावर बाबूंनी स्वतःचा पत्ता आधीच घातला होता. मजकूर एवढाच होता:

"तब्येत बरी आहे. आता काम काही नाही. तरी लिही."