पाण्याला कुलूप

जुनं प्लॅस्टिकचं पिंप ओळखावं तर ते मीच! ओल्ड हार्बर गावात शोभेचे मासे पाळणारे आम्ही सात जण. बाकीच्या सहांना विचारा हवं तर. आमच्या नळाच्या पाण्यात औषध, विहिरीच्या पाण्यात मीठ. माशांसाठी पाणी गाळून, शुद्ध करून साठवावं लागतं, आणि त्याला पिंप लागतं. जुनं घ्यायला हरकत नाही, पण आधी त्यात काय होतं ते विचारायचं. रंग, तेल, फवारणीचं औषध असेल तर फुकट दिलं तरी हात लावायचा नाही. खाण्याचं होतं म्हणाला, तरी नाक आत घालायचं. विकणारा खोटं बोलेल, नाक बोलत नाही.

हे निळं पिंप मी गोदीजवळ घेतलं. परदेशातल्या कुणा नातलगानं सामान भरून पाठवलेलं, रिकामं झाल्यावर विकलेलं. आत साबणाच्या भुकटीचा वास असा बसलेला, जसा सण सरला तरी न उठणारा पाहुणा! आणि साबण म्हणजे माशाचा काळ. मी सोडा घातला, लिंबं चोळली, कढत पाणी भरून उन्हात ठेवलं, ओतलं, हुंगलं, पुन्हा भरलं. असे अकरा दिवस. मग साधं पाणी भरून आत एक गप्पी मासा सोडला. दोन दिवसांनी तो माझ्याकडे असा बघत होता, जणू विचारतोय, घर पसंत आहे, भाडं किती?

तेव्हा कुठे मी गाळलेलं पाणी भरलं. डासांसाठी झाकण, झाकणावर लोखंडी कडं, आणि कुणी साबणाचा हात बुडवू नये म्हणून कड्याला कुलूप. पिंप ओसरीच्या सावलीत ठेवलं आणि मासे विकायला तीन दिवस किंग्स्टनला गेलो. एवढंच केलं हो मी.

पण आमच्या बेटावर कुलूप लावलेलं निळं पिंप ओसरीवर दिसलं, की त्याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल: परदेशातल्या माणसानं आठवण काढली. तांदूळ, तेल, बूट, साबण, सगळं एका पोटात. माझी बहीण व्हर्नीस टोरांटोला असते. दर नाताळाआधी तिचं पिंप यायचं. गेली दोन वर्षं पिंप नाही, फोन नाही. आई तिचं नाव काढत नाही. फक्त टपालाची गाडी पुढे निघून गेली, की फाटकाची कडी उगाच तपासून येते.

मी परतलो, तर ओसरीवर ही गर्दी! शेजारची मिस पर्लीन रताळ्याचं पुडिंग घेऊन आलेली. चर्चमध्ये गाणारे मिस्टर ऑस्बर्न चपला घालून आलेले, का तर जाताना नवे बूट घालून जाता यावं. आईनं तीन दिवसांत पर्लीनला तांदूळ, ऑस्बर्नना बूट आणि उरलेल्या गल्लीला काही ना काही कबूल करून ठेवलं होतं.

"गोदीवरून गुपचूप सोडवून आणलंस, लिन्वल," पर्लीन म्हणाली. "दुःखाला पर्लीन, सुखाला कुलूप!"

मी म्हटलं, त्यात पाणी आहे. सगळे हसले.

"पाण्याला कुलूप कोण लावतं, बाळा?" ऑस्बर्ननी चोराशी बोलावं तसं हळुवार विचारलं.

"राहू दे, लिन्वल," आई म्हणाली. "उद्या उघड."

पण मी चिडलो होतो. अकरा दिवसांच्या मेहनतीवर अविश्वास! किल्ली काढली, कडं काढलं, झाकण उचललं.

पाणी इतकं नितळ, की तळ दिसला, आणि तळावर सगळ्यांचे पडलेले चेहरे. ऑस्बर्ननी बाही वर करून, ओणवं होऊन खांद्यापर्यंत हात घातला आणि तळ चाचपला. बूट नव्हते.

आई आत गेली, तांब्या घेऊन आली. "दारात आलेलं माणूस रिकामं जात नाही," म्हणाली आणि भांडी मागवली. माझ्या माशांचं पाणी तांब्या तांब्यानं गल्लीत गेलं. पर्लीननं घोट घेतला, चव नाही म्हणाली, आणि पुडिंग अर्धं कापून परत नेलं. त्या आठवड्यात माझी निम्मी पिलं मेली.

लोक गेल्यावर मी विचारलं, "आई, तुला खरंच वाटलं, व्हर्नीसनं पाठवलं?"

"नाही रे. पहिल्याच दिवशी झाकणाशी नाक नेलं. वास नव्हता. तिच्या तांदळालासुद्धा साबणाचा वास यायचा. तीन पाण्यांनी धुतला तरी जायचा नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पर्लीननं विचारलं, पोरीनं पाठवलं का? तोंडातून हो निघून गेलं." ती तांब्या पुसत राहिली. "दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी नवं पाणी भरायला झाकण उघडलं, तर तळाशी साबणाची भुकटी! अख्खा पुडा ओतलेला. आई ओसरीवर शेंगा सोलत होती, वर न बघता. अकरा दिवस, चार डझन लिंबं, सगळं पाण्यात.

मी झाकण लावलं, कडं बसवलं, कुलूप घातलं आणि किल्ली तिच्या शेंगांच्या सुपात टाकली.

माशांसाठी आता दुसरं पिंप बघतोय. कुणाकडे असेल तर कळवा. ओळखायला मीच येईन. नाक सध्या जरा चोंदलंय, एवढंच.