चरकाची नाडी

एका जंगलात, बाळांनो, जनावरांनी मिळून एक गुऱ्हाळ काढलं होतं. मालक होते तरसराव. उसाचा रस काढायला तिथं एक चरक होता. दोन जाड लोखंडी रूळ, एकमेकांना चिकटून फिरणारे. रेडा चरक ओढायचा आणि रुळांच्या तोंडात ऊस सारायचा तो सटवा वानर.

त्या तोंडाशी आधी एक लाकडी फळी होती. हात आत जाऊ नये म्हणून लावलेली. पण दसऱ्याला तरसरावांनी चरकाची पूजा घातली. रुळांना हळदकुंकू लावायचं तर फळी मध्ये येत होती, म्हणून ती काढली. पूजा झाल्यावर सटवा फळी परत बसवायला गेला.

"राहू दे रे," तरसराव म्हणाले. "देवाच्या तोंडावर कुणी फळी मारतं का?"

सटवालाही ते पटलं. साधा होता बिचारा.

मग व्हायचं ते झालं. एका सकाळी उसाबरोबर सटवाची दोन बोटं आत गेली. रेडा थांबला. सगळे धावत आले. कुणी पाणी आणलं, कुणी हळद आणली. पाणी रुळांवर ओतलं. हळद रुळांना लावली. तरसरावांनी स्वतः चरकापुढे नारळ फोडला.

"कोपला," ते म्हणाले. "सटव्या, सकाळी चरकाच्या पाया पडला होतास का?"

"पडलो होतो, मालक."

"दोन्ही हातांनी?"

"एका हातात ऊस होता."

तरसरावांनी सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. कारण सापडलं होतं.

आता त्या जंगलात राजाचा कायदा होता, आणि चांगला होता. कामावर कुणाला लागलं तर कारकुनाने वहीत लिहायचं. लिहिलेल्याची चिठ्ठी गेली की राजाचा वैद्य येणार. पण हे सगळं दिवस मावळायच्या आत. त्यानंतर कितीही रक्त दाखवा, ते घरचंच धरायचे.

आणि वानराचा हात सडला तर त्याचं राहतं काय, तुम्हीच सांगा. तो झाडावर कसा चढणार?

सटवाची बायको भिवरी मोठी धीराची. हाताला केळीचं पान गुंडाळून ती नवऱ्याला साळिंदर कारकुनाकडे घेऊन गेली. साळिंदर स्वतःच्या अंगावरचा काटा उपटून त्यानेच लिहायचा. त्यामुळे लिहायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

"भाऊजी, ह्यांना चरकाचं लागलं असं लिहा," भिवरी म्हणाली.

"असं कसं लिहू, वहिनी? चरकाचा दोष होतो. आत्ता कुठे शांत झालाय तो."

"मग ह्यांनीच हात घातला असं लिहा."

"मग ह्याचा दोष होतो. आपणहून हात घातला तर वैद्य येत नाही."

"मग नुसतं लागलं म्हणून लिहा."

"कुणाला कुणाचं, ते लिहावं लागतं."

ऊन उतरायला लागलं. भिवरी काही हलेना. शेवटी साळिंदराने डोळे मिटून काटा उपटला आणि कुणालाच दुखवणार नाही असं वाक्य लिहिलं. 'आज रोजी चरकास वानराची दोन बोटे लागली.'

चिठ्ठी गेली. करकोचा वैद्य उडत आला. चिठ्ठी वाचून तो सरळ चरकापाशी गेला आणि रुळावर चोच टेकवून नाडी बघू लागला.

"ताप नाही," तो म्हणाला. "पण घाबरलाय. तीन दिवस विश्रांती द्या." आणि त्याने रुळांना छान मऊ पट्टी बांधली. तरसरावांनी डोळे पुसले.

"वैद्यबुवा, आणि हे?" भिवरीने सटवाचा हात पुढे केला.

"चिठ्ठीत आजारी एकच आहे, बाई."

सूर्य शेंड्यांना टेकला होता. सटवा म्हणाला, "चल गं, जाऊ दे." पण भिवरीने त्याचा हात सोडला नाही. तिने विचार केला आणि ती हळूच म्हणाली, "वैद्यबुवा, ती दोन बोटं आता कुणाची?"

"चरकाच्या पोटात गेली, म्हणजे चरकाची."

"आणि ती ज्या हाताची, तो हात?"

करकोच्याने एक पाय वर घेतला. अवघड प्रश्न आला की तो असाच उभा राहायचा. "तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "चरकाचा बाहेर राहिलेला भाग."

"मग तेवढा बघायचा राहिलाय तुमचा."

झालं. वैद्याने जखम धुतली, पाला लावला, पट्टी बांधली. तरसराव शेजारी बसून फुंकर घालत होते. "हळू हं, हळू," म्हणत होते. "चरकाचा आहे तो." साळिंदराने आणखी एक काटा उपटून वहीत भर घातली. 'चरक, नग एक. त्यास जोडलेला वानर, नग एक.'

सटवाचा हात वाचला, बाळांनो. चार दिवसांनी तो घरी निघाला तर तरसराव प्रेमाने म्हणाले, "कुठं रे? सुटा भाग हरवतो."

तेव्हापासून सटवा चरकापाशीच असतो. रोज सकाळी चरकाला तेल देतात तेव्हा त्यालाही देतात. पावसाळ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवतात. असं कौतुक त्याचं जन्मात कुणी केलं नव्हतं. भिवरी भेटायला येते, पण आधी मालकांना विचारून.

तात्पर्य : कामावर लागलं तर 'मला लागलं' असं कधी म्हणू नये. मालकाचं काय मोडलं तेवढं सांगावं. वैद्य धावत येतो.